बिडकीनच्या आठ हजार एकरांत मावणारा सूर्य

बिडकीन परिसरात कुणालाही विचारा, डीएमआयसीत जमीन किती गेली? उत्तर लगेच येतं आणि एकरांत येतं. जवळपास आठ हजार एकर. चौरस किलोमीटरमध्ये सांगायचं तर ३२ च्या आसपास. पैठण रोडने जाता-येता ऑरिकचे रुंद रस्ते दिसतात आणि एवढ्या जागेत काय काय बसेल, याच्या गप्पा चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं चालू आहेत. कारखाने, गोदामं, वसाहती. त्या यादीत आज आपण एक नाव वाढवू. सूर्य.

आहे तसा अर्थातच नाही. आपला सूर्य एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १४ लाख किलोमीटर आहे. पण समजा, त्यातला एक कणही कमी न करता तो सगळ्या बाजूंनी दाबत नेला, दाबत नेला, तर एक क्षण असा येईल की त्यातून प्रकाशही बाहेर पडू शकणार नाही. त्या क्षणी सूर्याचा ब्लॅक होल, म्हणजे कृष्णविवर झालेलं असेल. त्याची त्रिज्या असेल साधारण तीन किलोमीटर. नकाशावर तेवढं वर्तुळ काढलं तर ते पावणेसात हजार एकर भरतं. बिडकीनच्या जमिनीतून वर हजारभर एकर शिल्लक राहतात! (ती जमीन काही गोल नाही, हे मान्य. पण एकर ते एकरच.)

सूर्याचं असं खरंच होणार नाही, काळजी नसावी. तो त्यासाठी पुरेसा जड नाही. आणि झालंच समजा, तरी पृथ्वी आत ओढली जाणार नाही. वजन तेवढंच, अंतर तेवढंच, म्हणजे ओढही तेवढीच. आपण ३६५ दिवसांत त्याच्याभोवती तशीच चक्कर मारत राहू, फक्त अंधारात आणि गारठून. ब्लॅक होल म्हणजे अंतराळातला व्हॅक्यूम क्लीनर, जवळपासचं सगळं सुर्रकन ओढून घेणारा, असं सांगणारी रील्स रोज कुणी ना कुणी फॉरवर्ड करतं. ती बघायला भारी असतात, पण त्यांचं फिजिक्स कच्चं असतं.

तीनचा पाढा

आता एक सोपी गोष्ट, जी मला मास कॉमच्या वर्गात बसून कधी कळली नसती. कृष्णविवराचा आकार काढायला मोठी गणितं लागत नाहीत. तीनचा पाढा पुरतो. त्याचं वस्तुमान किती सूर्यांएवढं आहे ते बघा, त्याला तीनने गुणा, आलं उत्तर किलोमीटरमध्ये. एक सूर्य, तीन किलोमीटर. दहा सूर्य, तीस किलोमीटर. हिशेब त्रिज्येचा आहे, व्यासाचा नाही, एवढं लक्षात ठेवा. अचूक आकडा २.९५ आहे, पण पाढ्याला तीन बरा.

या पाढ्यामागचं उत्तर ज्याने शोधलं, तो कार्ल श्वार्झशिल्ड पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात रशियाच्या आघाडीवर होता. आइन्स्टाइनने नोव्हेंबर १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणं मांडली. श्वार्झशिल्डने काही आठवड्यांतच त्यांचं पहिलं अचूक उत्तर काढून त्यालाच पाठवलं. मे १९१६ मध्ये तो आजाराने गेला. ब्लॅक होल हा शब्द रुळायला त्यानंतर अर्धं शतक लागलं.

पाढा खालच्या बाजूनेही चालतो. पृथ्वीचं कृष्णविवर करायचं तर ती गोटीएवढी करावी लागेल. त्रिज्या नऊ मिलिमीटर, व्यास पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास. हिमालय, समुद्र, आपण सगळे आणि पैठण रोडवरचं ट्रॅफिक त्या गोटीत. साठ किलोच्या माणसाचं केलं तर तो प्रोटॉनपेक्षाही हजार कोटी पट लहान होईल. म्हणजे कुठलीही वस्तू तत्त्वतः कृष्णविवर होऊ शकते, प्रश्न एवढाच की तिला तेवढं दाबणार कोण? निसर्गात हे काम प्रचंड ताऱ्यांचं स्वतःचंच वजन करतं. इंधन संपलं की ताऱ्याचा गाभा आपल्याच भाराखाली कोसळतो. गाभा बेताचा असेल तर २०-२५ किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा होऊन थांबतो. त्याहून जड असेल तर थांबवणारं काही उरत नाही.

वरच्या बाजूला जाताना मात्र पाढा गंमत करतो. एरवी आपल्याला लाडवाचा हिशेब माहीत असतो. आठपट पीठ घेतलं तरी लाडू दुप्पटच रुंद होतो, कारण पीठ तिन्ही दिशांना पसरतं. कृष्णविवर तसं वागत नाही. आठपट वस्तुमान, तर आठपट रुंद. त्यामुळे ते जितकं जड, तितकं आतून विरळ. निदान कागदावर तरी, म्हणजे वस्तुमानाला आकारमानाने भागलं तर. एम ८७ नावाच्या दीर्घिकेच्या मध्यभागी साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं कृष्णविवर आहे. त्याची अशी सरासरी घनता काढली तर ती आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षाही कमी येते. ब्लॅक होल म्हणजे जगातली सगळ्यात घट्ट वस्तू, हे वाक्य पाठ करून आलेल्या कुणालाही हा हिशेब करायला सांगा.

हवेपेक्षा विरळ असलेली गोष्ट प्रकाशाला कशी अडवते? इथे आपल्या शब्दानेच थोडा घोळ केला आहे. विवर म्हटलं की आपल्याला लोणार आठवतं. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, खाली उतरत जाणारं, काठावर उभं राहून आत डोकावता येईल असं. कृष्णविवराला तोंड नाही आणि काठही नाही. ते कुठल्याही बाजूने पाहिलं तरी सारखंच, चेंडूसारखं. आणि त्या चेंडूला साल नाही. आपण ज्याला त्याचा आकार म्हणतो, ती भिंत नव्हे, हद्द आहे. शास्त्रज्ञ तिला घटना क्षितिज म्हणतात. पृथ्वीवरून सुटायला रॉकेटला सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त वेग लागतो. कृष्णविवराच्या जवळ जाल तसा हा वेग वाढत जातो आणि ज्या ठिकाणी तो प्रकाशाच्या वेगाएवढा, सेकंदाला तीन लाख किलोमीटर होतो, ती ही हद्द. तिथे खांब नाही, कुंपण नाही. शेताच्या बांधावर निदान दगड तरी असतो.

म्हणून कृष्णविवर केवढं, या प्रश्नाचा अर्थ वस्तू केवढी असा होत नाही. परत यायची वाट कुठून बंद होते, असा होतो. त्या हद्दीच्या आत ताऱ्याचा माल कुठे आहे, कसा आहे, हे बाहेरून मोजता येत नाही. आइन्स्टाइनची समीकरणं म्हणतात की तो मध्यावर एका बिंदूत चिरडला जातो, पण तिथे समीकरणांनाच अनंत उत्तरं येऊ लागतात. तिथलं फिजिक्स अजून लिहायचं आहे. आत टेप टाकून त्रिज्या मोजता येत नाही, म्हणून तीही खरं तर परिघावरून काढलेली असते.

हद्द ओलांडताना काय वाटेल, हेही पुन्हा पाढ्यावरच आहे. दहा सूर्यांच्या कृष्णविवराजवळ पायांना बसणारी ओढ आणि डोक्याला बसणारी ओढ यांत इतका फरक पडतो की माणूस हद्दीपर्यंत पोचण्याआधीच शेवईसारखा ताणून तुटेल. एम ८७ च्या राक्षसाची हद्द मात्र केंद्रापासून इतकी लांब आहे की ओलांडताना काहीच जाणवणार नाही. साधा धक्काही नाही. मला विचाराल तर दुसरा प्रकार जास्त भीतीदायक आहे.

बिडकीन केंद्र धरून

हे आकडे डोक्यात बसायला एक उपाय. मोबाइलवर नकाशा उघडा आणि बिडकीन मध्यभागी घ्या. सूर्याचं तीन किलोमीटरचं वर्तुळ झालं. आता दहा सूर्यांचं, तीस किलोमीटरचं काढा. आपल्या आकाशगंगेत या वजनाच्या आसपासची कृष्णविवरं सापडलेली आहेत. उत्तरेला अख्खं छत्रपती संभाजीनगर शहर या वर्तुळात येतं, दक्षिणेला पैठण येतं. वेरूळची लेणी बाहेर राहतात.

आता ६२ सूर्यांचं घ्या. त्रिज्या सुमारे १८३ किलोमीटर. पश्चिमेला नारायणगावजवळचं खोडद आत येतं, जिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० डिश पसरलेल्या आहेत. पुणे थोडक्यात बाहेर. आणि पूर्वेला वर्तुळाची कड जाते ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या अगदी जवळ.

६२ हा आकडा मी उगाच निवडलेला नाही आणि औंढ्याचा उल्लेखही.

१४ सप्टेंबर २०१५. सोमवार. गणपती तीन दिवसांवर आले होते. आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झालेली असताना अवकाशातून एक लाट पृथ्वीच्या आरपार गेली. अमेरिकेच्या आरपार, तशीच बिडकीनच्याही. कुणालाही काही जाणवलं नाही. पण अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांना जाणवलं, आधी लिव्हिंग्स्टनला आणि सात मिलिसेकंदांनी हॅनफोर्डला. इंग्रजी एल अक्षरासारखे चार-चार किलोमीटरचे दोन हात, त्यांच्यात लेझरचा किरण आणि टोकांना आरसे. लाट आली की एक हात किंचित लांबतो, दुसरा आखडतो. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनपेक्षा शेकडो पट कमी.

एवढ्याशा थरथरीतून आकार कसा काढला, हा या सगळ्या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. लाटेच्या कंपनांवरून कळलं की दोन वस्तू एकमेकींभोवती फिरत जवळ येत होत्या आणि दोघींचं मिळून वस्तुमान सत्तरेक सूर्यांच्या घरात होतं. शेवटी शेवटी त्या सेकंदाला ७५ फेऱ्या मारत होत्या. एवढ्या जड वस्तू एवढ्या वेगाने फिरायच्या तर त्यांच्यातलं अंतर जेमतेम ३५० किलोमीटर असायला हवं. सत्तर सूर्य, ३५० किलोमीटरमध्ये, आणि तरी अजून एकमेकांना न टेकलेले! तारे असते तर केव्हाच एकमेकांत घुसले असते. न्यूट्रॉन तारे एवढे जड नसतात. पाढा म्हणा. सत्तर त्रिक दोनशे दहा. तेवढ्या जागेत मावणारी एकच गोष्ट आपल्याला माहीत आहे.

मग त्या भिडल्या. ३६ आणि २९ सूर्य मिळून ६५ व्हायला हवेत, झाले ६२. राहिलेल्या तीन सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जा होऊन त्या लाटेतून निघून गेलं. तयार झालेलं कृष्णविवर स्वतःभोवती फिरत होतं. फिरणाऱ्याची हद्द थोडी आक्रसते, त्यामुळे त्याची खरी त्रिज्या १८३ पेक्षा कमी, १६० च्या आसपास धरावी लागते. पाढ्यातली ही एक पळवाट लक्षात असू द्या.

भिडल्यानंतर नवं कृष्णविवर क्षणभर घंटेसारखं थरथरलं आणि शांत झालं. देवळातली मोठी घंटा खर्जात वाजते, पूजेची छोटी किणकिणते. ऐकूनच कळतं ना, केवढी आहे ते? इथेही तसंच. कृष्णविवर जेवढं मोठं, तेवढी थरथर सावकाश. ते असं वाजून विझतं, हे बेंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवून दिलं होतं, कृष्णविवरं खरी आहेत की नाहीत याचीच खात्री नव्हती तेव्हा. २०१५ च्या त्या घंटेची पट्टी होती सेकंदाला साधारण २५० कंपनं. घरात हार्मोनियम असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबा, त्याच्या किंचित खाली.

आणि गोंगाटातून ही थरथर वेगळी काढायची कशी? त्या कामाचा एक धागा पुण्याचा आहे. आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच यावर काम केलं होतं. कल्पना अशी की येणाऱ्या लाटेचा आकार आधी गणिताने काढून ठेवायचा आणि तो साचा मोजणीतून आलेल्या आकड्यांवर सरकवत न्यायचा. कुठे चपखल बसतो ते बघायचं. तेव्हा ऐकायला यंत्रच नव्हतं. लायगोच्या त्या वेधशाळा अजून बांधून व्हायच्या होत्या.

औंढ्याला काय होणार?

मराठवाड्यातल्या आपल्यासारख्यांचा संबंध येतो तो इथे. औंढा म्हटलं की आपल्याला ज्योतिर्लिंग आठवतं. त्याच तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहणार आहे. तेच यंत्र, तेच चार किलोमीटरचे हात. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. २०३० पर्यंत पूर्ण करायचं, असं तेव्हा सांगितलं गेलं.

जागा इथली का? कारण या यंत्राला शांतता लागते. मोठी शहरं, जड वाहतूक, समुद्राच्या लाटा, सगळ्यांची धडधड त्याला ऐकू येते. आपल्याकडे मोठा उद्योग आला नाही ही तक्रार आपण जन्मापासून ऐकतोय. एका प्रयोगासाठी मात्र नेमकी तीच गोष्ट कामाची ठरली! बिडकीनला जमीन घेतली ती गजबज व्हावी म्हणून, औंढ्याला घेतली ती गजबज नको म्हणून. यातून रोजगार किती मिळेल असं कुणी विचारलं, तर ऑरिकच्या कारखान्यांशी तुलना करू नये, हे माझं मत. पण लेझर, निर्वात नळ्या, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरवरचं विश्लेषण हे सगळं तिथे लागणार आहे, आणि ते काम करणाऱ्यांत परभणी-हिंगोली-संभाजीनगरच्या कॉलेजांतली मुलं नसतील तर त्याचा दोष यंत्राला देता येणार नाही. त्यासाठीची तयारी आपल्या लॅबमध्ये आत्तापासून दिसायला हवी. सध्या ती फारशी दिसत नाही.

आणखी एक वेधशाळा हवीच कशाला? दिवाळीत फटाका कुठे फुटला हे आपण दोन कानांमुळे ओळखतो. लायगोचे दोन्ही कान अमेरिकेत होते, त्यामुळे पहिल्या लाटेची दिशा ढोबळच कळली. आता इटलीत व्हर्गो आहे, जपानमध्ये काग्रा आहे. औंढा या सगळ्यांपासून लांब, वेगळ्याच कोपऱ्यात पडतं. कान जितके लांब लांब, तितकी जागा नेमकी. जागा नेमकी कळली की जीएमआरटीसारख्या दुर्बिणी तिकडे वळवता येतात.

सगळीच कृष्णविवरं ऐकावी लागतात असं नाही. काहींची सावली दिसते. १० एप्रिल २०१९ ला जगभरातल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून काढलेला एम ८७ चा तो केशरी कड्याचा फोटो आला आणि त्या आठवड्यात मेडूवड्याचे मीम्स किती आले ते आठवा. मधला काळा भाग म्हणजे हद्द नव्हे, हद्दीच्या सुमारे अडीचपट मोठी सावली. हद्द स्वतः १,९०० कोटी किलोमीटर त्रिज्येची. १९७७ साली पृथ्वीवरून निघालेल्या व्हॉयेजर-१ यानाला तेवढं अंतर कापायला जवळपास २०१४ उजाडलं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर, ज्याचा फोटो मे २०२२ मध्ये आला, त्यापुढे बारकंच आहे. ४३ लाख सूर्य, म्हणजे तीनच्या पाढ्याने सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास. सूर्याच्या जागी ठेवलं तर बुधाच्या कक्षेच्याही आत राहील. तरी दोन्ही फोटो जवळपास सारखे दिसतात, कारण एम ८७ चं कृष्णविवर दीड हजार पट मोठं आहे आणि दोन हजार पट लांब.

आणि लायगोची यादी तर वाढतेच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये टिपलेली आणि जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेली एक टक्कर आहे. तिच्यातून सुमारे २२५ सूर्यांचं कृष्णविवर तयार झालं. बिडकीन केंद्र धरून काढलं तर जवळजवळ अख्खा महाराष्ट्र झाकला जातो.

कृष्णविवर हा शब्द मराठी घरांत पोचवणाऱ्यांत जयंत नारळीकरांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. मे २०२५ मध्ये ते गेले. १९७० च्या दशकात मराठी विज्ञान परिषदेच्या कथा स्पर्धेला त्यांनी याच नावाची कथा पाठवली होती, पण टोपणनावाने. नारायण विनायक जगताप. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. नावामुळे बक्षीस मिळायला नको, म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

२०१५ च्या त्या लाटेची मूळ नोंद आज ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरच्या साइटवर कुणालाही फुकट मिळते. पायथॉन थोडंफार येत असेल तर आलेख काढायच्या पायऱ्याही तिथे दिलेल्या आहेत, आणि मोबाइलवर ऐकायचं असेल तर आवाजाची फाइलही. इअरफोन लावा, कारण आवाज बारीक आहे. १३० कोटी वर्षांपूर्वी झालेली टक्कर, सगळी मिळून सेकंदाचा पाचवा हिस्सा. आधी नुसती खरखर, मग खालून वर चढत गेलेला एक सूर, माठात पाण्याचा शेवटचा थेंब पडावा तसा टुप्प, आणि पुन्हा खरखर.